टबात मीठ किती घालायचं

हॉट टबातलं पाणी मी ओंजळीत घेऊन चाखून पाहिलं आणि मान हलवत स्वतःशीच म्हटलं, "आळणी आहे."

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याविषयी कुणाचा चांगला गैरसमज व्हायला नको. किती मीठ घालायचं ते यंत्राच्या माहितीपुस्तकात छापलेलं होतं. मुलाने तोच आकडा एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टबाच्या झाकणाला चिकटवला होता. शेजारी स्टुलावर स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवून गेला होता. एवढं सगळं हाताशी असताना मी विश्वास ठेवला तो जिभेवर. तेव्हा मी अवघी अडुसष्ट वर्षांची होते. त्या वयात आपल्याला सगळं कळतं असंच माणसाला वाटत असतं.

आमच्यासारख्यांच्या घरात हॉट टब आला कुठून, हेही सांगायला हवं. मुलगा इलेक्ट्रिकची कामं घेतो. धारवाडहून दांडेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथलं सामान विकायला काढलं होतं. हा पंखे आणायला म्हणून गेला आणि टेम्पोत टब घालून घेऊन आला. चौघं बसतील एवढा, बाराशे लिटरचा, बाहेरून लाकडासारखा दिसणारा. विद्यानगरातल्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे तो बसवला. सगळी गल्ली बघायला आली. "हे काय हो, पाण्याची नवी टाकी?" असं विचारणाऱ्याला मी "होय की" म्हणायचे. खरं सांगितलं असतं तर चहा करावा लागला असता.

पण टब चैनीसाठी नव्हता. तो अक्कांसाठी होता.

अक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हा अळणावरजवळच्या गावातून त्या आमच्याकडे आल्या आणि घर हातात घेतलं ते घेतलंच. मी सरकारी आरोग्यखात्यात नर्स. सकाळची पहिली बस धरून खेड्यांत जायचं, अंधार पडायच्या सुमाराला परत यायचं. माझी मुलं अक्कांनी वाढवली. मुलगा अजून पहिली हाक त्यांनाच मारतो, मला दुसरी.

आणि रोज सकाळी माझा आंबाडाही अक्काच घालायच्या. कारण मी घातलेला आंबाडा बस धारवाडला पोचायच्या आत मानेवर उतरायचा. पांढऱ्या साडीतली नर्सबाई पिंजारलेल्या केसांनी गावात शिरली तर तिचं ऐकणार कोण? म्हणून मी पाटावर बसायचे, अक्का मागे उभ्या राहायच्या, "मान सरळ धर" म्हणायच्या आणि असा पीळ द्यायच्या की माझ्या भुवया कपाळावर चढायच्या. तो आंबाडा संध्याकाळपर्यंत हलायचा नाही. डोकं दुखायचं, ते वेगळं.

त्यांच्या स्वतःच्या केसांना मात्र त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही. आरशाशिवाय, गप्पा मारता मारता, दोन्ही हात मागे नेऊन दोन वळणं आणि एक गाठ. संपलं.

मग त्यांचा उजवा खांदा आखडला. पडल्या नाहीत, काही उचललं नाही, महिन्याभरात हळूहळू हात वर जाईनासा झाला. छातीपर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. त्याने जेवता येतं, पोळी लाटता येते, आंबाडा घालता येत नाही. आंबाड्याला दोन्ही हात डोक्यामागे लागतात.

"बसा अक्का, मी घालते," मी म्हटलं.

"तू? तुझा आंबाडा उंबरा ओलांडत नाही."

सुनेने मोठी क्लिप आणून लावून दिली. अक्कांनी ती काढून कपड्यांच्या दोरीला लावली. केस थोडे कापू या का, असं मी एकदा विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी कानडीत बोलल्या. रागावल्या की त्या माझ्याशी कानडीत बोलतात. परक्यासारखं.

मग त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. रविवारी विहारात वंदनेला पुढच्या ओळीत बसून आवाज लावायचा तो अक्कांनी, बाकीच्या बायका मागून. तेही बंद. "सुटे केस घेऊन मी पुढे बसू?" एवढंच म्हणाल्या. त्यामुळे आमच्या घरात त्या काळात प्रश्न एकच होता: अक्का स्वतःच्या हाताने पुन्हा आंबाडा घालणार की नाही. बाकी सगळे प्रश्न त्याच्या मागे रांगेत उभे होते.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं, गरम पाण्यात बसून व्यायाम केला तर खांदा सुटेल. म्हणून मुलाने पंख्यांऐवजी टब उचलला.

अक्का पहिल्या दिवशी परकर छातीशी बांधून, नदीवर जातात तशा, शेडमध्ये आल्या. पाण्यात पाय घातला, म्हणाल्या, "चहाला ठेवलेलं दिसतंय." पण बसल्या. बुडबुडे सुटले तेव्हा एकदा किंचाळल्या, मग सवय झाली. टबाला लागूनच शेडचा खांब आहे. व्यायाम असा, की उजव्या हाताची बोटं त्या खांबावर मुंगीसारखी चढवत न्यायची. जिथे अडतील तिथे मी पेन्सिलीने रेघ मारायचे. पहिली रेघ त्यांच्या छातीच्या उंचीवर होती. दीड महिन्यात रेघा हनुवटीपर्यंत आल्या. कानाच्या वर रेघ गेली की आंबाड्याचं बघू, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. अक्का रोज पाण्यातून बाहेर येताना त्या खांबाकडे बघायच्या, लहान पोरं दरवाजावर आपली उंची बघतात तशा.

आणि मग अंगाला खाज सुटली.

टबाच्या पाण्यात क्लोरीनची पूड घालावी लागते, नाहीतर गरम पाण्यात दोन दिवसांत नको ते वाढतं. त्या पुडीने अक्कांच्या पाठीवर, मांड्यांवर लाल चट्टे उठले. केस काथ्यासारखे झाले. कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि त्या पाण्यात बसू नका म्हणून सांगितलं.

"खांद्यासाठी कातडं द्यायचं का मी?" अक्का म्हणाल्या, आणि शेडकडे फिरकल्या नाहीत.

आता खरं सांगते, ती पूड रोज घालत होते मी. आयुष्यभर खेड्यांतल्या विहिरींत ब्लीचिंग पावडर ओतलेली बाई मी, माझा हात काही आखडता नव्हता. पण तो गुन्हा मी तेव्हा कबूल केला नाही. एका लेखात एक गुन्हा पुरे.

मुलानेच शोधून काढलं की टब मिठाच्या पाण्यावर चालवता येतो. कोप्पीकर रोडवरच्या पंप-मोटारींच्या दुकानातून त्याने एक मेकॅनिक आणला. पन्नाशीचा, शांत माणूस, हॉटेलांचे पोहण्याचे तलाव बघायचा. त्याने एक यंत्र दाखवलं: लांब वायरीला एक जाळीदार डबी, तिच्यात धातूच्या दोन-चार पट्ट्या. डबी पाण्यात सोडायची, बॉक्स भिंतीवर लावायचा. पाण्यात थोडं मीठ असलं की त्या पट्ट्या त्या मिठातूनच जरा जरा क्लोरीन तयार करत राहतात.

"म्हणजे शेवटी क्लोरीनच?" मी लगेच पकडलं.

"होय अव्वा. पण तुम्ही घालता ते एकदम वाटीभर. हे टिपूस टिपूस. वास नाही, खाज कमी."

"कमी म्हणजे किती कमी?" हे अक्का, आतल्या खोलीतून. कान त्यांचे शाबूत होते.

"बसून बघा, अज्जी. नाही सोसलं तर मी यंत्र परत नेतो."

अक्का बाहेर आल्या नाहीत, पण "आणा म्हणावं" असं भिंतीला उद्देशून बोलल्या. म्हणजे ठरलं.

सोपं काम नव्हतं ते. आधी जुन्या पाण्यात नळ्या धुवायचं औषध घालून बुडबुडे सोडले. नळ्यांतून जे काय बाहेर आलं ते पाहून मला माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं आठवली. काळपट, शेवाळी, दुधावरच्या सायीसारखं. यात आपण अक्कांना बसवत होतो! मग टब रिकामा केला, घासला, पुसला. भरायचं पाणी नळाचंच हवं, असं मेकॅनिकने बजावलं. बोअरचं पाणी जड, त्याने पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. आमच्याकडे नळाला पाणी सहाव्या दिवशी. दोन पाळ्या पहाटेपासून पाइप लावून टब भरला. कागदाच्या रंगीत पट्ट्या बुडवून पाणी तपासलं, मुलाने हे घातलं, ते घातलं, रंग जुळवले. राहिलं फक्त मीठ.

मीठ आणायला मी गेले. साधं मीठ चालत नाही, आयोडीन नसलेलं, काही न मिसळलेलं हवं. आता माझी पंचाईत बघा. शाळाशाळांत जाऊन गळ्याच्या गाठीची चित्रं दाखवून, आयोडीनचंच मीठ खा म्हणून घसा कोरडा केलेली बाई मी. दाजीबानपेठेतल्या घाऊक दुकानात उभी राहिले, आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही ना ते बघितलं, आणि हळू आवाजात म्हटलं, "बिनआयोडीनचं द्या." जणू काही चोरीचा माल मागतेय. दुकानदार म्हणाला, सुटं देत नाही, पंचवीस किलोची गोणी घ्यावी लागेल. घेतली. रिक्षात पायाशी घालून आणली.

सगळा घोळ त्या गोणीने केला. तीन किलोची पिशवी मिळाली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला, सून शाळेत शिकवायला गेली. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: २ किलो ४०० ग्रॅम. मी काट्यावर बरोबर तेवढं तोललं, पाण्यावर भुरभुरलं, पंप चालू केला. तासाभराने मीठ विरघळलं. इथे थांबायचं होतं.

इथेच मी ओंजळ भरली.

याला कारण आहे. मूर्खपणाला नेहमीच कारण असतं, त्याशिवाय तो एवढ्या आत्मविश्वासाने करता येत नाही. नोकरीला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, कडक इस्त्रीची साडी, हातात नवी छत्री, आणि डोक्यात हवा. अळणावरच्या बाजूला एका गावात पोरांना जुलाब लागले होते. मी बायकांना चावडीसमोर गोळा केलं आणि मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते शिकवलं. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, मूठभर साखर, तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ. चिमूट अशी हवेत उंच धरली होती मी, जणू काही हिराच धरलाय.

एक म्हातारी पुढे आली. जन्मभर भातशेतात राबलेली. तिने माझ्या हाताशेजारी स्वतःचा हात धरला. तिचं एक बोट माझ्या दोन बोटांएवढं. म्हणाली, "यार चिटिकी, बाई?" कुणाची चिमूट?

मी, अक्कल पाजळत, म्हटलं, "माझी."

"मग तू इथेच राहा," म्हातारी म्हणाली. "पोराला ढाळ लागले की तुझ्या चिमटीला बोलावते."

सगळ्या बायका हसल्या. मी छत्री उघडली, ऊन नसताना. परतीच्या बसमध्ये आमच्या वयस्कर नर्सबाईंनी मला उपाय सांगितला: मीठ घातल्यावर आधी स्वतः चाखायचं. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं. अश्रूंची चव प्रत्येक बाईला माहीत असते, तिथे बोटं जाड की बारीक हा प्रश्न येत नाही. ते मी गाठीला बांधलं. पुढे पस्तीस वर्षं, गावोगावी, पितळेच्या, स्टीलच्या, कोपऱ्यात चेपलेल्या किती पेल्यांतलं पाणी चाखलं असेल त्याला गणती नाही. माझी जीभ कधी चुकली नाही.

तर, टबातलं पाणी मी चाखलं आणि ते आळणी लागलं. अश्रूंच्या जवळपासही नव्हतं. म्हटलं, पुठ्ठ्यावर काहीतरी चुकलंय. मुलगा घाईत असतो. समोर गोणी उघडी. एक लोटा घातला, ढवळलं, चाखलं. अजून एक. चाखलं. अजून.

अक्का दारात येऊन उभ्या होत्या. "काय चाललंय?"

"मीठ बघतेय. तुम्ही बघता का जरा?"

"मी अंघोळीचं पाणी चाखत नाही," अक्का म्हणाल्या. मग झाकणाकडे बघत, "पुठ्ठ्यावर काय लिहिलंय?"

"पुठ्ठ्याला जीभ नाही, अक्का."

किती समाधानाने बोलले होते मी हे! आजही आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. आणि नियम काय होता? अश्रूंपेक्षा जास्त नको. मी त्याचं करून टाकलं होतं, अश्रूंइतकं हवंच. जास्तीत जास्त किती ते सांगणारी रेघ होती ती, मी तिलाच मुक्कामाचं ठिकाण समजले. शेवटी एकदा ओंजळ तोंडाला लावली आणि बरोबर ती चव आली. डोळे मिटून घेतले मी. मग यंत्राचं बटण दाबलं.

दिवा लाल झाला. यंत्राने तीनदा टीं-टीं केलं आणि बंद पडलं. परत दाबलं. परत लाल.

संध्याकाळी मुलगा आला. त्याने लाल दिवा बघितला. गोणी उचलून काट्यावर ठेवायला गेला, ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर मावेना, तेव्हा रद्दीवाल्याचा लटकता काटा मागून आणला. उरलं होतं पंधरा किलो.

"आई, दहा किलो?"

"चाखत चाखत घातलं," मी म्हटलं. याहून वाईट उत्तर मला नंतरही सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. मी सगळं सांगितलं, अश्रूंसकट. तो खांद्यावरचा पंचा तोंडावर धरून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "रुची नोडाक इदेन सारेनव्वा?" चव बघायला हे काय सार आहे का! अक्का आतून मोठ्याने हसल्या. खांदा आखडल्यापासून त्यांचं तसं हसणं मी ऐकलं नव्हतं, म्हणून मला वाईट वाटायला थोडा उशीर झाला.

वाईट वाटायचं कारण पुढे होतं. पट्ट्या जळल्या असत्या तर यंत्र गेलंच होतं, आणि नवीन मागवायला महिना लागला असता. मेकॅनिकने डबी उघडली, पट्ट्या उन्हात धरून बघितल्या, पुसल्या, पुन्हा बघितल्या. तोवर अक्का बाहेर येऊन त्याच्यामागे उभ्या.

"वाचलं," तो म्हणाला. "जास्त झालं की ते स्वतःच बंद होतं. माणसापेक्षा शहाणं आहे."

माझ्याकडे न बघता बोलला, हे त्याचं मोठेपण. उपाय असा होता: चारातले तीन भाग पाणी काढायचं आणि तेवढं साधं पाणी भरायचं. "मग मीठ आपोआप बरोबर होईल. वरून एक चिमूटही घालायची नाही, अव्वा. एक चिमूटही."

चिमूट हा शब्द ऐकून मला ती म्हातारी आठवली. ती असती तर तिने मला चांगलंच पाणी पाजलं असतं.

पाणी काढायचं, पण भरायचं कशाने? नळ दोनच दिवसांपूर्वी येऊन गेलेला. पुढचं पाणी यायला अजून चार दिवस, आणि तेही घर चालवून नऊशे लिटर एका पाळीत शिल्लक पडणार नाही. दोन पाळ्या तरी लागणार. म्हणजे दहा-बारा दिवस.

शिवाय काढलेलं पाणी गटारात सोडायचं, हे माझ्याने होईना. सहाव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात वाढलेल्या बाईला पाणी फेकून देता येत नाही, ते कसलंही असो. तांदूळ धुतलेलं झाडाला, कपड्यांचं अंगणाला, अशी आमची वाट ठरलेली. मी बादली भरली आणि सवयीने कढीपत्त्याकडे निघाले. अक्का तिथे खुर्ची टाकून बसल्या होत्या. राखणीला.

"मागे फिर," म्हणाल्या. "खांदा माझा घालवलास, झाड नाही घालवायचं."

थट्टेत बोलल्या, पण खांद्याचं खरं होतं.

मग ते पाणी आम्ही संडासात वापरलं. बारा दिवस आमच्या घरात बादल्यांनी कारवारचा समुद्र संडासात ओतला जात होता. अंगण धुतलं, शेड धुतली, मागची पायरी धुतली. पायरी वाळली की पांढरी व्हायची. गल्लीतली एक गाय रोज सकाळी येऊन ती पायरी चाटून जायला लागली. सून शाळेत निघताना मला म्हणायची, "आत्या, तुमची पेशंट आली."

त्या बारा दिवसांत अक्कांची बोटं खांबावर दोन रेघा खाली आली. मी रोज पेन्सिल घेऊन जायचे. कोरड्या अंगाने, लुगड्यातच, त्या बोटं चढवायच्या आणि आदल्या दिवशीपेक्षा खाली थांबायच्या. पाचव्या दिवशी मी रेघ जरा वर मारली. फार नाही, बोटभर.

"पूस ती," अक्का म्हणाल्या.

पुसली. पुसताना एक गोष्ट बोलायची होती, ती बोलले. म्हटलं, "अक्का, चुकलं माझं."

"ते गल्लीला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "गाईलासुद्धा."

पुढची पाळी आली, मग तिच्या पुढची. टब भरला. कागदी पट्ट्या मुलाने तपासल्या, मला चार हात लांब उभं केलं होतं. बटण दाबलं. दिवा हिरवा झाला. मी मुद्दाम सांगते, मी चाखलं नाही. त्या दिवशी चाखलं नाही. आठवडाभराने, कोणी नसताना, बोट बुडवून जिभेला लावलं. आळणीच होतं. तेच बरोबर होतं.

अक्का परकर बांधून पाण्यात बसल्या. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत होतो, दूध उतू जाईल की काय म्हणून बघावं तसे. अर्धा तास झाला. चट्टा नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठ दिवसांनी एक बारीकसा उठला, तो मच्छराचा निघाला. केस सुधारायला वेळ लागला, पण तेल बसायला लागलं. वास गेला. अक्का म्हणाल्या, "आता आंघोळीसारखं वाटतं. आधी दवाखाना धुतल्यासारखं वाटायचं."

यंत्राची देखभाल आता मुलगा करतो. महिन्यातून एकदा पट्ट्या काढून धुतो, रंगांचे कागद बुडवतो. उरलेली गोणी त्याने माडीवर ठेवून कुलूप लावलं. किल्ली कुठे आहे मला माहीत आहे, पण ते त्याला माहीत नाही.

खांबावरच्या रेघा पुन्हा चढायला लागल्या. गेलेल्या दोन रेघा भरून यायला तीन आठवडे लागले, मग हनुवटी, मग ओठ. ओठांपाशी महिनाभर अडल्या. तेव्हा अक्का फार चिडचिड करायच्या, माझ्याशी कानडीत बोलायच्या. मी गुपचूप रेघेवर रेघ मारत राहिले. एकावर एक मारून ती रेघ जाड झालेली अजून दिसते. मग एक दिवस बोटं नाकाशी गेली, आणि त्यानंतर भराभर. कानाच्या वर रेघ मारली तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडलं. 

त्यानंतरच्या रविवारी सकाळी अक्कांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी बाहेर ओसरीत वेणीफणी घेऊन बसले होते, विहारात जायचं होतं. आतून बांगड्यांचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. एकदा काहीतरी खाली पडलं, आकडा असावा. मी उठले नाही. उठायची फार इच्छा होती, म्हणूनच उठले नाही.

दार उघडलं. पांढरी साडी, आणि मानेवर आंबाडा. पूर्वीसारखा घट्ट नव्हता, उजवीकडे जरासा कललेला, पण गाठ अक्कांचीच, दोन वळणांची. मी बघत राहिले. त्यांनी मला बघू दिलं. मग त्यांची नजर माझ्या डोक्याकडे गेली. माझा आंबाडा नुकताच घातलेला होता आणि निम्मा उतरला होता.

त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, एका हिसक्यात माझे केस सोडवले, दोन्ही हातांनी पीळ दिला आणि म्हणाल्या, "मान सरळ धर. पंचेचाळीस वर्षं झाली, अजून स्वतःचा आंबाडा धड घालता येत नाही, आणि निघाली होती घरात समुद्र करायला."